एका चार्जमध्ये किती जाईल

जबाब
दिनांक १३/०२/२०२५, वेळ सकाळी ११.४०

नाव सयाजी बिरदेव वाघमोडे, वय ५६ वर्षे, धंदा नोकरी (एस.टी. आगार, डिझेल शाखेत लिपिक), राहणार जुळे सोलापूर, मूळ गाव मंगळवेढा तालुक्यात.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी मथुरा, वय ४८, असे दोघे राहतो. आम्हाला एक मुलगी असून तिचे नाव संस्कृती आहे. ती लग्न होऊन पुण्यास असते. मथुरा ही एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात नऊ वर्षांपासून कामास होती. आमच्यात भांडणतंटा नाही. शेजारी विचारून खात्री करावी.

माझ्या कामाचे स्वरूप असे की, आगारात गाडी परत आली की तिचे किलोमीटरचे रीडिंग घ्यायचे, डिझेल किती गेले ते लिहायचे व ॲव्हरेज काढायचे. ज्या ड्रायव्हरचे ॲव्हरेज कमी त्याला बोलावून विचारायचे. हे काम मी एकतीस वर्षे करत आहे. आमच्यात म्हणतात की ड्रायव्हर बोलतो ते ऐकावे आणि रीडिंग बोलते ते लिहावे. त्यामुळे ड्रायव्हर लोकांत माझे नाव फारसे चांगले नाही, पण माझी वही आजवर चुकलेली नाही.

घरी मथुराकडे पेट्रोलची जुनी स्कूटर होती. तिला दर सोमवारी मी बाटलीतून एक लिटर पेट्रोल आणून घालत असे व रोज संध्याकाळी रीडिंग घेऊन डायरीत लिहीत असे. घर ते कारखाना जाऊन येऊन सात किलोमीटर होतात. यात संशयाचा भाग नव्हता. मला ती सवय आहे. मथुराने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

मागील वर्षी जून महिन्यात एका दिवशी रीडिंग त्रेपन्न किलोमीटर जास्त आले. मी विचारले असता ती म्हणाली, "मंद्रूपला गेलते. नागव्वाला बघून आले." नागव्वा ही तिची थोरली बहीण. येताना पेट्रोल संपल्याने तिने गाडी तीन किलोमीटर ढकलत आणली होती. मी तिला न सांगता गेल्याबद्दल बोललो व मंद्रूपचे अंतर दाखवून एका लिटरमध्ये ते कसे बसत नाही, हे समजावून सांगितले. नागव्वाची तब्येत कशी आहे, हे मी त्या दिवशी विचारले नाही. नंतर विचारायचे राहून गेले.

श्रावणात एका संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मंद्रूपहून फोन आला की, नागव्वाचे जास्त झाले आहे. मथुरा म्हणाली, "आत्ता जाऊ या की." मी म्हणालो की, शेवटची एस.टी. गेली, स्कूटरमध्ये पेट्रोल तळाला आहे, उद्या पहिल्या गाडीने जाऊ. आम्ही पहिल्या गाडीने गेलो. तोपर्यंत उशीर झाला होता. पंपावर जाऊन पेट्रोल भरता आले असते. ते त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. मथुरा मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते असे मला आता वाटते.

त्यानंतर गणपतीच्या दिवसांत तिने मला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असल्याचे सांगितले. सव्वीस वर्षांत तिने पहिल्यांदाच मला काही घ्यायचे आहे असे सांगितले. पैसे तिचे स्वतःचे होते. मी म्हणालो की, कारखाना साडेतीन किलोमीटरवर आहे, तुला पंचवीसच्या वेगाची, लायसन न लागणारी साधी गाडी पुरे. त्यावर ती म्हणाली, "ती लोड आला की थांबती. मला थांबनारी गाडी नगं." मला तिचे म्हणणे पटले. गाडी घ्यायची तर विश्वासाची घ्यावी, या मताचा मी आहे.

आम्ही मिळून तीन शोरूम पाहिले. प्रत्येक ठिकाणी मी मोटरची ताकद, बॅटरीची वॉरंटी, ब्रेक वगैरे विचारत होतो व मथुरा स्वतःचे वेगळे प्रश्न विचारत होती. ते प्रश्न मी डायरीत लिहून घेतले आहेत. एका चार्जमध्ये एक माणूस आणि एक पिशवी घेऊन किती जाईल. चार्जर साध्या प्लगला लागतो का. चार्जर डिकीत बसतो का. तालुक्याच्या गावाला सर्व्हिस सेंटर आहे का. पंक्चर झाली तर किती लांब चालेल. तिने तिन्ही ठिकाणी घरून एक कापडी पिशवी भरून नेली होती व ती डिकीत ठेवून झाकण लागते का ते पाहिले होते. पिशवीत काय होते ते मी पाहिले नाही. शिवणाचे कापड असेल असे मी धरून चाललो. इतके बारकाईने प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक मी तरी पाहिले नव्हते. मला तिचा अभिमान वाटला होता. हे लिहून घ्यावे.

तिसऱ्या शोरूममधील ताबीश नावाच्या सेल्समनने सांगितले की, "कंपनी एकशे साठ बोलती मॅडम, पण मैं झूट नै बोलता. एकशे वीस धरून चला." खरे बोलतो म्हणून मथुराने तीच गाडी पसंत केली. ट्रायलसाठी ती मला मागे बसवून उड्डाणपुलावर घेऊन गेली. मध्यावर चढणीला गाडी पूर्ण थांबवली आणि पुन्हा उचलली. गाडी डगमगली नाही. मी घाबरून तिचा खांदा धरला. ती हसली. खाली आल्यावर ताबीशने विचारले, ॲप कुणाच्या मोबाईलवर चालू करायचे. मी माझा मोबाईल काढत होतो. मथुरा म्हणाली, "माझ्या." राखाडी रंगाची ती गाडी दसऱ्याला घरी आणली. क्रमांक वेगळ्या कागदावर दिला आहे.

नवी गाडी आली की ती प्रत्यक्ष किती जाते हे तपासल्याशिवाय मला राहवत नाही. त्यानुसार दसऱ्यानंतरचे तीन रविवार आम्ही दोघे मंद्रूप रोडला जात होतो. मी मागे डायरी घेऊन बसायचो. दर पाच टक्क्यांना रीडिंग लिहायचो. चाळीसच्या वर नेऊ नको, अचानक ब्रेक दाबू नको, चाकात हवा दर आठवड्याला बघ, पिकअप लागेल तेवढाच घे, बाकी गाडी इको मोडवर ठेव, असे मी तिला शिकवले. तिने सर्व नीट शिकून घेतले. आमचे ड्रायव्हर लोक एवढे ऐकत नाहीत. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "आता तुमी उतरा. एकट्याला किती जाती ते बघू." मी मंद्रूप फाट्यावर चहाच्या टपरीत उतरलो. माझ्या वजनाने फरक पडतो, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. ती दहा किलोमीटर जाऊन आली व टक्के सांगितले. पुन्हा गेली, पुन्हा आली. असे चार वेळा. प्रत्येक वेळी ती लांबून दिसली की मी टपरीवाल्याला दुसरा चहा सांगत होतो. आम्ही तिथे भजी खाल्ली. ती कारखान्यातल्या बायकांच्या गोष्टी सांगत होती. त्या तीन रविवारांत ती माझ्याशी जेवढी बोलली तेवढी एरवी वर्षात बोलली नसेल. ते तीन रविवार मला फार चांगले गेले.

या तपासणीवरून मी कोष्टक तयार केले. दोघे बसल्यास शहाण्णव किलोमीटर, एकटी व पिशवी असल्यास एकशे अठरा. कोष्टकाची एक प्रत मी मथुराला दिली. तिने ती घडी घालून पर्समध्ये ठेवली. रोजचे रीडिंग मी पूर्वीप्रमाणे घेत होतो. चार महिने कामाच्या दिवशी ते सातच आले.

रविवार दि. ९ रोजी मथुराने दिवसभर बसून चाळीस कडक भाकरी केल्या व शेंगाचटणी कुटून बरणी भरली. मी विचारले, एवढ्या कुणाला. ती म्हणाली, "राहत्यात की महिनाभर." कुणाची ऑर्डर असेल असे मला वाटले.

मंगळवार दि. ११ रोजी माझी पहिली पाळी असल्याने मी पहाटे पाच वाजता घर सोडले. तेव्हा गाडी चार्जिंगला होती व शंभर टक्के दाखवत होती. दुपारी अडीच वाजता मी घरी आलो. झाडलोट झालेली होती, भांडी पालथी घातलेली होती. मथुरा एरवी साडेसहाला येते. सात वाजेपर्यंत न आल्याने मी फोन लावला, तो बंद लागला. शेजारी राहणाऱ्या जमीला या तिच्यासोबत त्याच कारखान्यात कामाला आहेत. त्यांना विचारले असता त्या म्हणाल्या, "भाईसाब, उन्होंने शनिवारीच काम सोडलं. तुमाला सांगितलं न्हाय?" तिने सांगितले होते, असे मी म्हणालो. ते खरे नव्हते. घरी येऊन मी डायरीत तारीख टाकली. रीडिंगची जागा मोकळी आहे.

दि. १२ रोजी मी या ठाण्यात येऊन पत्नी हरवल्याची तक्रार दिली. तेव्हा मी साहेबांना सांगितले होते की, गाडी शंभर टक्के चार्ज होती, त्यामुळे ती एकशे अठरा किलोमीटरच्या आत आहे. हवालदार म्हणाले, "मग त्यात पंढरपूर बी आलं, विजापूर बी आलं. कुटं कुटं हिंडायचं आमी?" त्यांचेही बरोबर होते.

आज दि. १३ रोजी महिला पोलीस शिपाई आफरीन शेख यांनी माझी मुलगी संस्कृती हिच्याकडून मथुराचा नवीन नंबर मिळवून माझ्यासमोर फोन लावला. संस्कृतीला सर्व माहीत होते, हे मला आज समजले. शेख मॅडम प्रथम बाहेर जाऊन बोलल्या. त्यांनी आत येऊन सांगितले की, बाई सुखरूप आहेत, स्वतःच्या मर्जीने गेल्या आहेत, शिवणकाम मिळाले आहे, राहायला खोली आहे, सोबत कुणी नाही व परत येण्याची इच्छा नाही. त्यांनी पत्ताही सांगितला आहे. दोन मिनिटे बोलायला तयार आहेत. त्यानंतर फोन स्पीकरवर ठेवण्यात आला.

मथुराने विचारले, "जेवलात का?" मी होय म्हणालो. ती म्हणाली, "भाकरी खाली ठिवू नका. मुंग्या लागत्यात." मला पुष्कळ विचारायचे होते. तू का गेलीस, हे विचारायचे होते. परत कधी येशील, हे विचारायचे होते. मी विचारले, "गाडी कशी चालली?"

ती म्हणाली, "कुटं बी थांबली न्हाय."

मी विचारले, "पोचल्यावर किती राहिली?"

ती म्हणाली, "नऊ टक्के. चाळीसच्या वर न्हाय नेली. तुमी सांगितलं तसंच आले."

मी म्हणालो, बरोबर केलेस. ती म्हणाली, "ठेवू का?" मी ठेव म्हणालो.

पोचल्यावर गाडीत नऊ टक्के राहिली म्हणजे एक्क्याण्णव टक्के खर्च झाली. कोष्टकावरून किलोमीटर निघतात, व आमच्या आगारातून सुटणाऱ्या प्रत्येक मार्गाचे किलोमीटर मला तोंडपाठ आहेत. ती कोणत्या गावी आहे, हे मला फोन ठेवायच्या आत समजले होते. मला समजेल, हे तिलाही माहीत होते. तरीही तिने मला खरा आकडा सांगितला.

साहेबांनी विचारले की, ठिकाणाचा काही अंदाज आहे काय व बाईंनी दिलेला पत्ता जबाबात घ्यायचा काय. मी सांगितले की, गाव मला कळले आहे, पण ते मी तोंडाने सांगणार नाही व या कागदावर लिहू नये. शेख मॅडमनी पत्ता लिहिलेली चिठ्ठी माझ्यासमोर टेबलावर आहे. ती मी उचललेली नाही. मी त्या गावी जाणार नाही. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. माझी हरवल्याची तक्रार निकाली काढावी.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून शेख मॅडमनी तो मला मराठीत वाचून दाखवला. गावाचे नाव त्यात कोठेही आलेले नाही, याची मी दोनदा खात्री करून घेतली. बाकी सर्व बरोबर व खरे आहे म्हणून सही करत आहे.

(सही)
सयाजी बिरदेव वाघमोडे

समक्ष,
ठाणे अंमलदार