जास्तीची सेहेचाळीस मीटर केबल

दि. १९/०२/२०२५

मी सुरुची निनाद राऊत, वय ३४ वर्षे, व्यवसाय नोकरी (इलेक्ट्रिकल मेंटेनन्स), रा. उमेळे, ता. वसई, जि. पालघर. पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की,

मी गोखिवरे येथे प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षांपासून कामाला आहे. तेथील माल वाहून नेणाऱ्या पट्ट्याचे सेन्सर व लाल स्टॉप बटणे एकाच पिवळ्या केबलवर आहेत. त्यांचे संदेश आणि त्यांना लागणारा करंट, दोन्ही त्याच केबलमधून जातात. ही केबल शंभर मीटरपर्यंतच चालते. त्यापुढे संदेश तुटतात. जोडलेली उपकरणे वाढली की टोकाला व्होल्टेजही पडते.

डिसेंबरमध्ये पट्टा नव्या शेडपर्यंत नेला. केबल मीच वाढवली. मोजली तेव्हा एकशे सेहेचाळीस मीटर भरली. टोकाला सव्वीस व्होल्ट हवे होते, एकवीस मिळत होते. मध्ये रिपीटर (संदेश पुन्हा जोरदार करून पुढे पाठवणारे उपकरण) व वेगळा पॉवर सप्लाय बसवावा, असे मी मॅनेजर श्री. भूपेश सावे यांना लेखी दिले. पत्राची प्रत हजर करते.

संदेश तुटला की पट्टा आपोआप थांबतो, ती त्याची सुरक्षा आहे. जानेवारीत तो दिवसातून दहा-बारा वेळा थांबू लागला. दि. २८ जानेवारी रोजी सावे सर म्हणाले, "मॅडम, रिपीटर येईल तेव्हा येईल. आज लाईन थांबता कामा नये."

मी म्हणाले, "सर, त्यासाठी सुरक्षा बंद केली तर स्टॉप बटणसुद्धा चालणार नाही."

"बटण रोज कोण दाबतं?"

त्यानंतर मी पॅनलमधील, संदेश तुटताच पट्टा थांबवणाऱ्या सुरक्षा रिलेला बायपास करणारी वायर जोडली. पट्टा थांबायचा बंद झाला. नव्या शेडमधील कामगारांना मी हे सांगितले नाही.

काल मंगळवारी सकाळी ११.४० च्या सुमारास मी जुन्या शेडमध्ये होते. पट्ट्याच्या टोकाला काम करणारे धर्मा भोईर, वय ५१, यांचा आवाज आला, "ताई, बंद कर! बटन दाबलंय, थांबत नाय!" मी मेन स्विचकडे धावले. वाटेत बादल्यांची थप्पी होती, ती पाडून गेले. स्विच खाली ओढेपर्यंत आवाज येत होता. किती सेकंद गेले ते मला सांगता येणार नाही. रोलरमधून त्यांचा हात काढताना मी तिथे होते. जखमांचे वर्णन डॉक्टरांच्या कागदात आहे.

त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे काढावी लागली. हॉस्पिटलमध्ये त्यांच्या पत्नी बायजा यांनी मला विचारले, "यान् बटन दाबलं व्हतं ना, ताई?" मी "हो" म्हणाले.

बाहेर सावे सर मला म्हणाले, "धर्मा घाबरला, बटण दाबलंच नाही, एवढंच सांगा. वायर काढून टाका. तुमचीच नोकरी वाचेल." मी कारखान्यात परत गेले. वायर काढली नाही. पॅनलला कुलूप लावले. त्याची चावी हजर करते.

माझा जबाब संगणकावर टाईप करून मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "वायर जोडण्यात आली" असे आले होते. माझ्या सांगण्यावरून ते "मी वायर जोडली" असे दुरुस्त केले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
सुरुची निनाद राऊत