जाते म्हन

कमलताईंच्या घरची माणसं, सेलूची मंडळी, आपण सगळे आलात. मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. चार दिवस झाले, रडूही आलेलं नाही. आठवतं ते सांगते आणि बसते.

आत्ता माझी ओळख करून दिली, कमलताईंची आश्रमातली मैत्रीण. तसं नाही. काल त्यांची मुलगी सुषमा मला म्हणाली, "मावशी, आईनंच मले म्हटलं होतं, मी गेल्यावर खरं सांगजो. माझ्याच्यानं नाई होत. तुम्ही सांगा."

सांगते. आम्ही मानसोपचाराच्या वॉर्डात भेटलो. बायकांच्या वॉर्डात. नऊ वर्षं झाली. इथे सेलूत सांगितलं होतं, कमल आश्रमात सेवेला गेली. बोरगावला माझ्या शेजारपाजारी सांगितलं होतं, शाळेच्या बाई ट्रेनिंगला गेल्या. एक आश्रमात, एक ट्रेनिंगला. खाटा शेजारी शेजारी.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्यांच्या गिरणीत दळण टाकलं असेल. पीठ चिमटीत धरून त्या सांगायच्या, ज्वारी दमट होती. वॉर्डात ते हात मांडीवर पडून असायचे. सहा दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. आल्याबरोबर आमच्या परकरांच्या नाड्या काढून घेतल्या होत्या. सातव्या दिवशी मी एका हाताने परकर धरून गोळ्यांच्या रांगेत उभी होते. आदल्या दिवशी माझे मिस्टर भेटायला आले, तेव्हाचं ट्रेनिंगचं बोलणं कमलताईंनी ऐकलं होतं. मागून आवाज आला, "काऊन बाई, ट्रेनिंगमध्ये हेच शिकवून राह्यले का?"

मी हसले. किती महिन्यांनी, ते माहीत नाही.

तिथे चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. वाईट होतं, असंही नाही. गोळी गिळायची, तोंड उघडून दाखवायचं. खिडकीला जाळी. सिस्टर नावाने हाक मारायच्या. झोप यायला लागली. मग भूक.

मला सुट्टी झाली त्या दिवशी दारातून मी सवयीने म्हणाले, "येते हं, ताई."

त्या खाटेवरून ओरडल्या, "येते काय म्हनतेस? इथून येते नाई म्हनाचं. जाते म्हन!"

"जाते," मी म्हणाले.

तेव्हापासून आम्ही एकमेकींना 'जाते'च म्हणायचो. गिरणीतून निघताना. फोन ठेवताना. ऐकणारे दचकायचे. असं अभद्र काय बोलता, म्हणायचे. आम्ही काय सांगणार?

मागच्या आठवड्यात त्या दवाखान्यात होत्या. हृदयाचं दुखणं. खाटेजवळ माणसं मावत नव्हती. उशाला संत्र्यांच्या तीन पिशव्या. मला म्हणाल्या, "पाह्य बाई. हार्टले संत्री भेटतात. डोक्याले एक नाई भेटलं."

कोणाला बोल लावत नाही. त्या म्हणाल्या, ते सांगितलं.

निघताना मी म्हणाले, "जाते."

त्यांनी माझा हात धरला. "इथं येते म्हन. उद्या येजो."

"येते," मी म्हणाले.

सकाळी सुषमाचा फोन आला.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. मग मला निघायचं आहे. त्यांच्या फोटोसमोर येते म्हणू की जाते, ते मला ठरवता आलेलं नाही. तोवर कोणीच काही बोलू नका.

उभे राहा.