जरा अ‍ॅडजस्ट करून घे

अहो, त्या खुर्चीत नका बसू ताई, तिचा एक पाय हलतो — इकडं या, दिवाणावर. ती उशी सरकवा, होतं अ‍ॅडजस्ट. ह्या दिवाणावर आम्ही भिशीच्या चौघी बसतो, कधी कुणाला जागा नाही म्हटलं नाही. आणि तो डबा द्या माझ्याकडं, मांडीवर कशाला घेऊन बसलात? लाडू आहेत का? समोर द्यायला आणलेत, अश्विनच्या घरी? असू दे, असू दे. चांगुणाताई आत्ता घरात नाहीत. विहारात गेल्यात, अश्विन आणि धम्मपाल, दोघंही मुलगे सोबत. येतीलच म्हणा. म्हणून तर मी दार जरासं उघडं ठेवलंय — लिफ्टचा आवाज आला की कळतं मला.

त्यांना भेटायला नाही, चौकशीलाच आलात ना? अहो, लाजता काय त्यात? मुलीची आई आहात. समोरच्यांनी पोह्यांच्या वेळेला काय सांगायचं ते सांगितलं, आता शेजारीपाजारी विचारायचं, रीतच आहे. चांदवडहून एकट्या आलात, घरी बाजाराला जाते म्हणून सांगून — शहाण्या आहात. आमच्या राखीच्या वेळी मीही अशीच गेले होते, ओझरला. तिथली शेजारीण मला म्हणाली, सासरा तापट आहे, ताटावरून उठून जातो, पण पोटात काही नाही. खरं निघालं बघा. आज राखी हसत सांगते, मम्मी, आज दोनदा उठले ताटावरून. आधी माहीत असलं की माणूस तयारीनं जातं.

तर विचारा. अश्विन ना? चांगला मुलगा आहे. सिगारेट नाही, काही नाही. कंपनीत पर्मनंट आहे. खाली भेटला तर जयभीम काकू म्हणतो, पिशवी घेतो हातातली. घर? घर चांगलं आहे. टापटीप आहे. स्वतःचा फ्लॅट, इंदिरानगरात, आजच्या काळात कुठं मिळतो? चांगुणाताईंनी मला सांगूनच ठेवलंय, मोहिनी, कोणी विचारायला आलं तर चांगलं सांग — सांगतेच की. चांगलंच सांगतेय ना? चहा घ्या, गार होईल. गवती चहा घातलाय. आवडला? ती करतेच छान — म्हणजे, मी करते. मीच केला. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा ठेवला.

मोठी सून? संजना, धम्मपालची बायको. हो, ती घोटीला गेलीय, माहेरी. त्यांनी फोनवर तेच सांगितलं ना तुम्हाला, आई आजारी आहे म्हणून? हं. मग तसंच असेल. स्वभावानं फार गुणी मुलगी. शाळेत शिकवायची, सोडली नोकरी. का म्हणजे — अ‍ॅडजस्ट केलं. चांगुणाताईंचा आवडता शब्द आहे तो. माझी शाळा आठवीपर्यंतची ताई, इंग्रजी मला दुकानाच्या पाटीपुरतं येतं, पण हा शब्द मी पण दिवसातून कितीदा वापरते. बसमध्ये तिघींच्या सीटवर चौथी, जरा अ‍ॅडजस्ट करा. भाजीवाल्याकडं कोथिंबीर संपली, मावशी, अ‍ॅडजस्ट करा, कढीपत्ता देतो. आमटी खारट झाली, बटाटा टाकून अ‍ॅडजस्ट. गिझरचा नळ अ‍ॅडजस्ट, पंख्याचा स्पीड अ‍ॅडजस्ट, ब्लाऊज घट्ट झाला, टेलर म्हणतो काकू होईल अ‍ॅडजस्ट. होतोही. पण ब्लाऊजला आत शिलाईत कापड सोडलेलं असतं, म्हणून होतो. माणसाला कुठं सोडलेलं असतं हो?

आणि त्या घरात हा शब्द एकटीसाठीच आहे. नोकरी सोड, अ‍ॅडजस्ट कर. पाहुणे आले, तू ओट्यापाशी अंथरूण टाक, अ‍ॅडजस्ट कर. मोबाईल बंद पडला, धम्मपाल रिपेअरला घेऊन गेला, तो आलाच नाही परत — तोपर्यंत अ‍ॅडजस्ट कर. चांगुणाताईंना साधी उशी बदललेली चालत नाही.

मला कसं माहीत? माझी खिडकी आणि त्यांची खिडकी समोरासमोर आहे ना, मधे फक्त पाइपांची मोकळी जागा. बिल्डिंगमध्ये म्हणतात, मोहिनी नाक खुपसते. खुपसते! त्याच नाकाला वास आला त्या दिवशी.

जाऊ दे. काही नाही. गॅसचा वास. होतं असं. तुम्ही बसा, उठू नका — लिफ्ट नाही ती, वरच्यांची पाण्याची मोटर आहे.

आता अर्धं सांगितलं तर तुम्हाला झोप नाही लागायची. ऐका. त्यांचा रेग्युलेटर नीट बसत नव्हता. संजना किती दिवस सांगत होती, आई, वास येतो. चांगुणाताई म्हणाल्या, जरा हलवून बघ, अ‍ॅडजस्ट करून घे. हे मी माझ्या कानानं ऐकलंय. मग परवा ते तिघं गेले बाहेर. मी दाराच्या भिंगातून बघत होते — बघते मी, खोटं कशाला बोलू — आणि त्यांनी बाहेरून कुलूप लावलं. आत संजना. नेहमीच लावतात. चोरांची भीती आहे म्हणतात. दिवसाढवळ्या, आत माणूस असताना! भाजी चिरून ठेवली मी आणि वास आला. खिडकीतून हाक मारली तर ओट्याला धरून उभी, म्हणते काकू, डोकं गरगरतंय. मी म्हटलं, संजू, बटणाला हात लावू नको, काडी ओढू नको, आधी सिलिंडर बंद कर, खिडकी उघड. तिनं केलं सगळं, मग खाली बसली ती दिसेनाच. मी पाट्यावरचा वरवंटा घेतला. हा बघा हात, अजून सुजलाय. कुलूप तुटेना. शेवटी कडीच निखळली, पण उघडलं.

ते कुठं गेले होते? नका विचारू. — तुमच्या रोशनीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला गेले होते ताई. मोरपंखी. आल्या-आल्या मला दाखवली त्यांनी. कडी निखळलेली बघून म्हणाल्या, मोहिनी, एवढा तमाशा कशाला, तासाभरात येतच होतो.

आणि कुलूप कोणी लावलं, तेही ऐका आता. चांगुणाताईंनी नाही. धम्मपालनं नाही. अश्विननं. लावून दोनदा ओढून बघितलं, नीट लागलंय ना म्हणून, आणि चावी खिशात टाकली. शीळ घालत गेला लिफ्टमध्ये. ओठ चावू नका असे. पाणी देऊ?

घोटी? नाही, घोटीला नाही गेली ती. मीच सांगितलंय त्यांना, गाडीत बसवून दिली म्हणून. तिचा भाऊ कुंदन संध्याकाळी येतोय न्यायला, त्याला सुट्टी आजची मिळाली. तोवर — ताई, हे बाहेर नाही ना जाणार? धम्मपालला कळलं ती कुठं आहे तर पाया पडून, रडून, ओढून परत नेईल. तेही झालंय एकदा. चहा मी नाही केला. आत आहे ती. त्या दाराच्या मागं. तुमचा आवाज आल्यापासून भांड्याचासुद्धा आवाज केला नाही पोरीनं, शिकवलंय तिला त्या घरानं —

थांबा. ही लिफ्टच. चप्पल आत घ्या, चप्पल! दार लोटून घ्या. तुम्हाला ओळखतात त्या. पावलं इकडंच येतायत. बेल — आले हो, आले! ताई, तुम्ही मागच्या जिन्यानं… उठलात? तिकडं नाही, तिकडं जिना नाही, ती आतली खोली आहे. माहिताय? संजनाकडं जाता? आणि तो डबा कशाला — तो तर समोर द्यायचा होता ना?

हं. द्या. तिलाच द्या. सकाळपासून काही खाल्लं नाही तिनं. कडी आतून लावून घ्या.

आले, आले! — काय चांगुणाताई? नाही, कोणी आलं नव्हतं चौकशीला. दोन कप? दोन कप मीच प्यायले. साडी परत दाखवायचीय? फॉल लावून आणलीत? नाही, आत नका येऊ. नको म्हटलं ना. दिवाणावर पण नाही. दारातला पाय काढा चांगुणाताई, दार लावायचंय मला. जागा नाही.