आई सीरियस हाय

१९९९ सालची गोष्ट. सांगलीत एसटीडी बूथच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारे उभे होते. त्यांचा पुतण्या काचेचं दार ढकलून बाहेर आला.

"लागला का अमेरिकेला फोन, गोमटेश?"

"लागला, काका."

"ठरलं तसंच सांगितलंस न्हवं बहिणीला? आई सीरियस हाय, मिळंल त्या विमानानं निघ म्हणून?"

"व्हय."

"बरं केलंस. गेली म्हणून सांगितलं, तर पोरगी एवढा प्रवास एकटी कशी करंल? लय रडली का?"

"न्हाई. आईला कुठलं लुगडं नेसवलं, ते इचारलं."

"आं? तिला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई. रक्षाविसर्जनाची वेळ पावण्यांना कळावी म्हणून आपण पेपरात दिलं न्हवं, फोटोसकट? त्यो पेपर आता इंटरनेटवर येतोय. गावाकडचं कळावं म्हणून ती रोज वाचती. आज कॉम्प्युटर लावला, तर समोर आईच."

"आरं देवा. मग तू काय बोललास?"

"मी काय बोलायच्या आधी तीच म्हणली, 'दादा, तसंच परत एकदा म्हण. आई सीरियस हाय म्हण. एवढा प्रवास मला एकटीला करायचाय.'"