एक सूत कमी

येसाजी : स्वस्त का आहे, ते आधी सांग. बाकीचं नंतर.

योगीराज : सांगितलं की ओ मामा. मीच कोरली, माझ्याच घरात. मध्ये दुकान नाही, जहाज नाही, ड्यूटी नाही.

येसाजी : असं सगळेच सांगतात. मागच्या रविवारी एका दुकानात गेलो होतो. तोही म्हणाला, अख्ख्या फळीतून कोरलेली आहे सर. भोकातून टॉर्च मारून बघितलं, तर कडेला तीन थर. प्लायवूड! दाबून वाकवलेलं.

रक्षिता : आणि त्यानं आपल्याला जवळजवळ हाकललं. अज्जा, आज तरी टॉर्च नको. हे घरी आलेत आपल्या.

येसाजी : घरी आलेल्याला जास्त बघून घ्यावं. पुट्टी, खिडकी उघड स्वल्प. आणि तू तम्मा, ती गिटार इकडे दे. तुझ्या मांडीवर ठेवून नाही बघणार मी.

योगीराज : घ्या. फक्त ती घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानं उभी असते, तेवढी...

येसाजी : मला लाकूड धरायला शिकवू नकोस. चाळीस वर्षं पीण्या औद्योगिक वसाहतीत साचे कोरलेत मी. पंपाचे, मोटारीचे. आमच्या लाकडी साच्याचा वाळूत ठसा घ्यायचा, त्या ठशात वितळलेलं बिडाचं लोखंड ओतायचं. साचा चुकला तर सगळं ओतकाम भंगारात.

योगीराज : पीण्यात? मीबी पीण्यातच होतो मामा, वसाहतीच्या सेकंड स्टेजला...

येसाजी : पीण्यात सगळेच असतात. आमच्या गेटबाहेर इडली विकणारा पण पीण्यातच होता. थांब, बघू दे.

रक्षिता : दिसले थर?

येसाजी : नाहीत.

रक्षिता : बघा!

येसाजी : थर नाहीत म्हणून माणूस खरा झाला? हा फुगवटा बघ छातीचा. मधे जाड, कडेला पातळ. रंध्याच्या खुणा आत तशाच ठेवल्यात. हात चांगला आहे. कुणाचा आहे ते माहीत नाही.

योगीराज : माझाच की ओ.

येसाजी : आणि हे लाकूड. वास घे पुट्टी. आला?

रक्षिता : तुमच्या जुन्या हत्यारांच्या पेटीला येतो तसा.

येसाजी : देवदार. निदान वीस वर्षं सुकलेला. आज असा बाजारात मिळत नाही. कुठून उचललास?

योगीराज : उचलला नाही ओ. आमची शेड बंद झाली. मालक म्हणाला, फळ्या जळणाला घालण्यापेक्षा तू घेऊन जा. टेम्पो करून नेल्या.

येसाजी : कागद?

योगीराज : फळ्यांना कसला कागद, मामा?

येसाजी : म्हणजे नाही.

रक्षिता : अज्जा, प्लीज. हे पोलीस स्टेशन नाही. योगीराज, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझ्या बाबांनी एकदा सेकंडहँड कार घेतली होती, पुरात बुडालेली. तेव्हापासून घरात भाजी आली तरी चौकशी होते.

येसाजी : सीटखाली चिखल होता. मी सांगत होतो, सीट उचलून बघा.

योगीराज : बघू द्या की अक्का. बघूनच घ्यावं. मला काही घाई नाही.

रक्षिता : मला आहे ना! ती पलंगावरची गिटार आहे ना, ती श्रीरंग सरांची. नवी घ्यायची तर सहा लाख. तीन महिने त्यांनी मला वापरायला दिली. सोमवारी ते व्हाइटफील्डचं घर सोडून कॅनडाला चाललेत. रविवारी मला ती परत द्यायची आहे. आणि पुढच्या शनिवारी आमच्या ग्रुपचा पहिला कार्यक्रम.

येसाजी : मग तुझी स्वतःची आहे की, कपाटावर. ती वाजव.

रक्षिता : किती वेळा सांगू? ती सपाट. तिचा सूर लांबत राहतो. आम्ही जे वाजवतो त्यात टक् करून वाजणारा आणि लगेच बाजूला होणारा सूर लागतो. तो फुगीर छातीच्याच गिटारीला येतो. माझ्याकडे नसेल तर ग्रुपमधल्या माझ्या खुर्चीवर बसायला रणवीर नावाचा एक जण तयारच आहे. त्याच्याकडे आहे. त्याच्यापेक्षा मी बरी वाजवते, पण त्याच्याकडे आहे.

योगीराज : अक्का, तुम्ही वाजवून बघा एकदा. बोलून काय कळणार?

रक्षिता : द्या. ऐका हं अज्जा. हे सरांच्या गिटारीवर... आणि आता हे. ऐकलंत? सरांची जरा जास्त मोकळी आहे. पण ही कोरडी आहे, हवी तशी. पंचावन्न हजारांत! माझ्याकडे साठ जमलेत.

येसाजी : त्याच्यासमोर कशाला सांगतेस?

रक्षिता : आवाज कसा आहे ते सांगा.

येसाजी : चांगला आहे. म्हणूनच तर मला बरं वाटेना. सहा लाखांचं काम पंचावन्नात होतं, तर बाकीचे काय वेडे आहेत? तम्मा, लांबी किती सांगितली होतीस फोनवर?

योगीराज : पंचवीस इंची. तारा टेकतात त्या वरच्या हाडापासून घोडीपर्यंत.

येसाजी : घोडी चिकटवलेली नाही म्हणालास. सरकणाऱ्या वस्तूपर्यंत कोण मोजतं?

योगीराज : बरोबर. म्हणून बाराव्या पडद्यापर्यंत मोजायचं. ते निम्मं येतं. साडेबारा.

येसाजी : पुट्टी, माझी पेटी आण. खालच्या खणातली.

रक्षिता : मोजायचं पण?

येसाजी : मोजायचंच. वास, आवाज, गोड बोलणं, सगळं फसवतं. हां, ही. बघ तम्मा, स्टीलची पट्टी. नोकरीला लागलो त्या वर्षी घेतलेली. गंजाचा ठिपका नाही. पुट्टी, एक टोक मी धरतो, वाचायचं तू. माझ्या डोळ्यांना बारीक रेघा दिसत नाहीत. हाडाला टेकवली. बारावा पडदा किती?

रक्षिता : बारा... आणि एक, दोन, तीन रेघा.

येसाजी : तीन सूत. इंचाचे आठ सूत. साडेबाराला चार लागतात. नीट बघ.

रक्षिता : तीनच.

येसाजी : परत लावतो. आता?

रक्षिता : तीन. अज्जा, एवढ्यानं काय होतं? सूर बरोबर लागतोय.

येसाजी : सूर तुझ्या कानात आहे, माप माझ्या हातात. निम्म्यात एक सूत, म्हणजे पुऱ्यात दोन. पंचवीस म्हणाला आणि पाव इंच कमी निघालं. जो मापात खोटं बोलतो तो लाकडातही बोलणार. काय तम्मा? पट्टीकडे काय बघत बसलास?

योगीराज : ही पट्टी... कुठली म्हणायची मामा?

येसाजी : माझी. का? आता पट्टीवर संशय?

योगीराज : नाही, नाही. बघितली एवढंच. जुनी आहे चांगली.

येसाजी : जुनीच खरी असते. बोल, एक सूत कुठे गेलं?

रक्षिता : योगीराज, बोला ना काहीतरी. तुम्ही कशानं मोजली होती?

योगीराज : माझ्याकडच्या पट्टीनं. राहू दे अक्का. मामांनी मोजलंय. मी काय सांगू.

रक्षिता : म्हणजे चुकलंय तुमचं?

योगीराज : तसं म्हणा की.

येसाजी : ऐकलंस? स्वतःच्या तोंडानं. खरा असता तर भांडला असता.

योगीराज : मी निघतो मामा. इलेक्ट्रॉनिक सिटीत एक जण पाच वाजता बघतो म्हणालेत. पाणी मिळेल का थोडं?

येसाजी : दे ग त्याला पाणी. आणि जा बाबा तिकडे. त्यांच्याकडे पट्टी नसेल.

(योगीराज गिटार पिशवीत घालून जातो.)

येसाजी : किती वेळ तोंड फिरवून बसणार? तुझे पंचावन्न हजार वाचवले मी.

रक्षिता : माझी खुर्ची घालवली तुम्ही.

येसाजी : खुर्ची दुसरी मिळते. काय करतेस तिथे? माझी पट्टी कशाला घेतलीस?

रक्षिता : सरांच्या गिटारीला लावतेय. हिच्या पुस्तकात छापलंय, पंचवीस इंच. ते परदेशातले लोक शंभर वर्षं बनवतायत. बघू तरी खरं माप कसं दिसतं.

येसाजी : बघ. मग कळेल.

रक्षिता : अज्जा.

येसाजी : काय?

रक्षिता : बारा आणि तीन.

येसाजी : चुकलीस. टोक नीट टेकव.

रक्षिता : टेकवलंय. बोट लावून बघा तुम्ही. बारा आणि तीन रेघा.

येसाजी : मग तेही चोर! सहा लाख घेऊन एक सूत खाल्लं! बघ, सांगत होतो ना, या धंद्यात...

रक्षिता : दोन चोर, दोन देशांतले, आणि दोघांनी एकच सूत खाल्लं?

येसाजी : तुझी शाळेतली पट्टी आहे? प्लॅस्टिकची, बारा इंची?

रक्षिता : ड्रॉवरमध्ये आहे. ही घ्या.

येसाजी : नको, मला देऊ नको. टेबलावर दोन्ही शेजारी ठेव. शून्याला शून्य लाव. आता बाराला बारा जुळतंय?

रक्षिता : नाही. तुमचं बारा पुढे जातंय. एक... एक रेघ पुढे.

येसाजी : साकु, पुरे. उचल ती.

रक्षिता : तुमची पट्टी चुकीची आहे?

येसाजी : चुकीची कशी असेल? चाळीस वर्षं पोट भरलं तिनं. ती बिडाची पट्टी आहे पुट्टी. बीड तापलेलं असतं तेव्हा फुगलेलं, गार झालं की आटतं. फुटाला एक सूत आटतं. म्हणून साचा तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब कोण करणार? म्हणून पट्टीच मोठी करून मिळते. तिचा फूट फुटापेक्षा एक सूत मोठा. साधी पट्टी पेटीत वेगळी होती. कुठे गेली कोण जाणे. हात गेला तो हिच्यावरच गेला.

रक्षिता : म्हणजे त्यांची गिटार...

येसाजी : बरोबर होती. केसाइतकीही चूक नव्हती.

रक्षिता : मग ते बोलले का नाहीत? चुकलं म्हणा की, म्हणाले!

येसाजी : पट्टीकडे बघत होता. मला वाटलं, पकडला गेला म्हणून बघतोय. पीण्यात होतो म्हणत होता. सेकंड स्टेज. मीच पुरतं बोलू दिलं नाही. आणि आतल्या रंध्याच्या खुणा... साचे करणारा माणूस तो. त्याला पट्टी ओळखू आली होती.

रक्षिता : साडेचार वाजत आले. हा घ्या फोन. लागतोय.

येसाजी : तू बोल.

रक्षिता : मी कशाला बोलू? मोजलं कुणी?

योगीराज : हॅलो, बोला अक्का. मेट्रोत आहे, आवाज जरा तुटतोय.

येसाजी : अक्का नाही. मी.

योगीराज : मामा! काय राहिलं काय माझं तिथं?

येसाजी : तुला पट्टी ओळखू आली होती.

योगीराज : कसली पट्टी ओ?

येसाजी : तम्मा, आता खोटं बोललास तर मला कळेल.

योगीराज : व्हय. आली होती.

येसाजी : कुठल्या शेडमध्ये होतास?

योगीराज : साच्याच्याच. आमचे बाबाबी तिथंच, मल्लाप्पा मेस्त्री म्हणायचे. निपाणीकडून त्यांनीच आणलं मला. आता साचे कॉम्प्युटर कोरतोय. शेड गेली, फळ्या राहिल्या.

येसाजी : मग तोंड का उघडलं नाहीस? गिऱ्हाईक घालवलंस हातचं!

योगीराज : बाबाचं एकदा असंच झालं होतं मामा. शेवटी शेवटी नजर गेलेली, सांगत नव्हते कुणाला. बिडाच्या कामाला साधी पट्टी लावली. तिकडं नव्यानं आलेला इंजिनीअर, त्यानं सगळ्या पोरांसमोर दोन पट्ट्या शेजारी धरून दाखवल्या. बरोबरच होतं त्याचं. पण बाबा दुसऱ्या दिवशी कामावर आले नाहीत. नंतरबी कधी नाही. तुमच्या नातीसमोर मी ते कसं करू? एक गिटार काय, कुठंबी खपेल.

येसाजी : नातीनंच केलं. आत्ता. दोन्ही शेजारी ठेवून.

योगीराज : अय्यो.

येसाजी : काही होत नाही. जिवंत आहे. चुकलो मी. स्पीकर चालू आहे, तीही ऐकतेय.

रक्षिता : योगीराज, दिलीत का हो त्यांना?

योगीराज : अजून कुठं? मॅजेस्टिकच्या पुढं आलोय आत्ता.

रक्षिता : उलट्या गाडीत बसा. मी घेतेय. मोजायचं नाही, काही नाही.

योगीराज : तसं असंल तर उतरतो. त्यांना फोन करून सांगतो, नाही जमत म्हणून.

येसाजी : किंमत तीच ना?

रक्षिता : अज्जा!

येसाजी : विचारलं नुसतं. सवय आहे. ऐक तम्मा, येताना तुझी पट्टी घेऊन ये, साधी. ही मी पेटीत टाकतो, तळाला.

योगीराज : टाकू नका मामा. असू दे बाहेरच. बाबाची अगदी तसलीच होती, त्या दिवशी शेडमध्येच राहिली. मघाशी हातात घेऊन बघणार होतो, मागायला धीर झाला नाही.