धार वाऱ्याकडे

हैबतराव : तुमच्या पुण्याच्या हापिसात एवढी मानसं बसतात, आनि येकालाबी वारं कमी करता येत नाय?

निशिगंधा : नाही येत, बाबा. वाटेत सांगते सगळं. हिरामण टेंपो घेऊन उभा आहे. दुपारी वादळ किनाऱ्याला लागेल. रोह्याच्या शाळेला स्लॅब आहे, तिथं जाऊ.

हैबतराव : आधी सांग, मग उठतो. तुझी आय गेल्यापासनं सहा वर्षं तू दुसरं काय केलं नायस. लगीन बी नाय. कळू दे तरी काय केलंस ते.

निशिगंधा : विमानातून ढगात रसायन फवारायचं, हे अमेरिकेनं करून पाहिलं, साठ वर्षांपूर्वी. वादळ कधी मंदावलं, कधी नाही. फवारल्यानं मंदावलं की आपसूक, ते कुणाला सांगता येईना. सोडून दिलं.

हैबतराव : आनि बाँब?

निशिगंधा : म्हशीला डास चावल्यासारखं होईल.

हैबतराव : मग खालचा इस्तव काढा की. चुलीतली लाकडं वढली का आधन बसतं. तुझ्या आयला इचारलं असतंस तर तिनं बी हेच सांगितलं असतं.

निशिगंधा : माझं काम तेच होतं. समुद्राचं गरम पाणी हीच वादळाची चूल. खालचं गार पाणी वर आणून ती विझते का बघायचं. निसर्ग वादळ मी कॉम्प्युटरमध्ये पुन्हा सोडलं. तीच तारीख, तीन जून. चारशे अकरा वेळा.

हैबतराव : आनि चारशे येळा ते आपल्या अंगनात आलं?

निशिगंधा : आलं. गोव्यापासून मुंबईपर्यंतचा समुद्र दोन अंश गार करून पाहिला. जगातले सगळे पंप लावले तरी होणार नाही एवढं. तरी वारा थोडासाच उतरला. उडायचा तो पत्रा उडतच होता, बाबा. गेल्या महिन्यात ते काम बंद झालं. जमणार नाही म्हणून मीच लिहून दिलं.

हैबतराव : आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठं लावनार!

हिरामण : हैबतकाका, चला ना! तुम्हाला सोडून मला हमरापूरला जायचंय. कच्चे गनपती हाईत शेडमधी. भिजले तर नुसता चिखल.

हैबतराव : तू गनपती हलव बाबा आधी. मी इथंच बसतो, शांतीपाशी.

निशिगंधा : आई नाही इथं.

हैबतराव : कोयता हाय.

निशिगंधा : तुळशीजवळचा? तो अजून उपटला नाहीत तुम्ही?

हैबतराव : कुनाला हात लावू देत नाय. मूठ कुजली, पातं तेवढं हाय. माझ्या आयशीची रीत व्हती ती. मोठं वारं सुटलं का घरच्या बाईनं अंगनात कोयता रोवायचा, धार वाऱ्याकडं. वारं फाटतं म्हनायची.

निशिगंधा : बाबा, मी एक सांगितलं नाही तुम्हाला.

हैबतराव : काय गो?

निशिगंधा : त्या दिवशी सकाळी आईचा फोन आला होता. लॉकडाऊन होतं, मी पुण्यात अडकलेली. म्हणाली, निशे, तू एवढी शिकलीस, वारं कमी करायला काय उपाय? मी हसले. म्हटलं, आजीचा कोयता रोव, आमच्याकडे त्याहून बरं काही नाही. मस्करी केली हो मी. नंतर फोन लागलाच नाही.

हैबतराव : ठाऊक हाय.

निशिगंधा : तुम्हाला?

हैबतराव : फोन ठेवल्या ठेवल्या तिनं मला सांगितलं. निशी म्हनली, कोयता रोव.

निशिगंधा : मी बोलले नसते, तरी तिनं रोवला असता. हो ना?

हैबतराव : नाय. तिला पटायचं नाय असलं. सासूशी भांडायची त्याच्यावरनं. तू म्हनलीस म्हनून रोवला.

(बाहेर टेंपोचा हॉर्न वाजतो. दोघंही जागची हलत नाहीत.)

निशिगंधा : सहा वर्षं मला बोलला नाहीत.

हैबतराव : कुठल्या तोंडानं बोलू? रोवायला गेली तवा काय झालं नाय गो. रोवून आत आली. दोन तास वारं नुसतं घोंगावत व्हतं. मग येकायेकी थांबलं. पान हलंना.

निशिगंधा : वादळाचा मध्य. तिथं वारा पडतो. थोडा वेळच.

हैबतराव : आमाला काय ठाऊक? जरा उजेड बी आला. तुझी आय हसाय लागली. म्हनली, निशीनं वारं फाडलं बघा! मला बी तसंच वाटलं. मीच म्हनलो, जा, कोयता उचलून आन, गंजंल. ती अंगनात उतरली, आनि वारं आलं ते उलटं, पाठीकडनं. गोठ्याचा पत्रा...

निशिगंधा : बास, बाबा.

हैबतराव : गंजू दिला असता तर काय बिघडलं असतं? आता गंजतोयच ना.

निशिगंधा : मला माहीत होतं हे. वारा थांबतो आणि उलटा फिरून येतो. परीक्षेत लिहिलं होतं मी, आकृती काढून. फोनवर तेवढं एक वाक्य सांगायचं होतं, आई, वारा थांबला तरी बाहेर पडू नको. ते सोडून मी कोयता सांगितला. आणि मग सहा वर्षं समुद्र गार करत बसले.

हिरामण : काका! आंब्याची फांदी पडली रस्त्यावर. आता निघाला नाय तर वाट बंद व्हईल!

निशिगंधा : वारा हलत नाही, बाबा. माणूस हलवता येतो. माझ्याकडे एवढंच उरलंय. उठा.

हैबतराव : धर. गुडघा साथ देत नाय. शाळेत माझ्या बाजूलाच बस.

निशिगंधा : बसते.

हैबतराव : आनि मधी वारं थांबलं का माझा हात घट्ट धर. मी तिला आत बोलवाय उठंन.