झाकणावरचं कुंकू

आमचं मूळ गाव नातेपुत्याजवळचं. वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, तेच काम माझ्या हातात आलं असतं, पण मामा सोलापुरात गिरणीत होता, त्यानं मला बोलावून घेतलं आणि गिरणी काही मला मानवली न्हाई, म्हणून बाविसाव्या वर्षी मी इनामदारांच्या मोटारखान्यात लागलो. सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील. तितं कासिमभाई मिस्त्री होते. त्यांच्या बाबतीत मी एकदा गप्प बसलो आणि एकदा तोंडावर खोटं बोललो, ते आता या वयात मला गिळवेना झालंय, म्हणून म्हटलं गुरुजी, तुमी लिहून घ्या.

कासिमभाईंनी मला सगळं शिकवलं. गाडी सुरू करायला पुढून हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, इंजिन उलटं फिरलं तर मनगट जाईल, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. गाडी बिघडली की मी पाना घेऊन धावायचो, ते म्हणायचे, हाथ नको लगा रे, पैले सुन. इंजिनाला कान लावून उभे राहायचे, डोळे मिटून, आणि मग सांगायचे. त्यांचा कान चुकलेला मी बघितला न्हाई.

धाकटे इनामदार म्हणजे तात्यासाहेब, यांनी विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून शर्यतीची जुनी गाडी घेतली होती. दोनच माणसं बसायची, छप्पर न्हाई, नाक ही लांब, आणि आवाज असा की बाळीवेशीत सुरू केली तर लोक दारात यायचे. पेट्रोलची टाकी काचेच्या पुढ्यात आणि तिच्यावर पितळी झाकण. त्या झाकणाला टाचणी जाईल एवढं भोक होतं. ते भोक कशासाठी, हे तेव्हा मला ठाऊक न्हवतं.

खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजायची, पाने, हातोडे, आणि दोन्ही गाड्या, घरची मोठी मोटार आणि ही. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा न्हाई, हे कासिमभाई आमच्यापेक्षा जास्त पाळायचे, लांब उभे राहून बघायचे. पूजा मी केली. चाकांना लावलं, नाकाला लावलं, तेवढ्यात आईसाहेब, तात्यासाहेबांच्या आई, म्हणाल्या, अरे, ती खाते कुटं? तितं पण लाव की. मी तेलात कालवलेलं हळदकुंकू झाकणावर चांगलं जाड थापलं. आईसाहेब म्हणाल्या, आता कशी सवाष्ण दिसते.

दसऱ्याला तात्यासाहेब सोनं वाटायला निघाले, आणि बाळे गावाच्या अलीकडं गाडी धापा टाकून बंद पडली. हँडल मारून मारून त्यांचा सदरा भिजला. शेवटी एका शेतकऱ्याची बैलं जुंपून गाडी घरी आली, शिंगांना झेंडू, मागं मोटार. वेशीत कोणीतरी म्हणालं, इनामदारांनी विलायती बैलगाडी आणली वाटतं. काय सांगू तुम्हाला, तात्यासाहेबांचं तोंड झाकणावरच्या कुंकवासारखं झालं होतं.

कासिमभाईंनी पेट्रोल बघायला झाकण काढलं, आत काठी घातली, टाकी निम्म्याच्या वर. नळी सोडली, पेट्रोल धो धो. झाकण लावून हँडल मारलं, गाडी सुरू. ते कान लावून उभे राहिले. अर्ध्या तासानं गाडी पुन्हा तशीच धापा टाकून मेली, तेव्हा म्हणाले, इसकू आग है, दाना नई मिलरा. म्हणजे ठिणगी ठीक आहे, पेट्रोल कमी पडतंय. तात्यासाहेब ओरडले, डोळ्यांदेखत पेट्रोल धो धो आलं आणि तू दाणा मिळत न्हाई म्हणतोस? कासिमभाईंनी पुन्हा झाकण काढलं, पुन्हा नळी सोडली, पुन्हा धो धो.

मग त्यांनी मॅग्नेटो उघडला, ठिणगी पाडतो तो. साफ केला, बसवला, गाडी सुरू झाली, अर्ध्या तासानं मेली. तीन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी तात्यासाहेबांनी मला विचारलं, सणाच्या आधी या मॅग्नेटोला कोणी हात लावला होता? मी म्हणालो, कासिमभाईंनी उघडला होता. खरंच उघडला होता, साफ करायला, दर महिन्याला उघडायचे. पण ते दर महिन्याला उघडतात, हे मी बोललो न्हाई. तात्यासाहेब म्हणाले, व्हय? मग उद्यापासून येऊ नकोस, मिस्त्री. कासिमभाईंनी माझ्याकडं बघितलं, पाना पुसून जागेवर ठेवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच होतो. गाडी सुरू केली, ती ठरल्याप्रमाणं मेली. मेल्या मेल्या मी झाकणाला हात घातला आणि ते फिरेना. पूर्ण पंजानं आवळून फिरवलं तर आतून सूंऽऽ करून वारा ओढल्याचा आवाज आला. मी हात मागं घेतला. टाकीत जनावर आहे की काय असं वाटलं. मग झाकण उलटं करून उजेडाकडं धरलं, तर भोक दिसेना. टाचणी घातली. लाल खपली माझ्या तळहातावर पडली.

ते माझंच कुंकू. माझा हात तितं लागला होता. वारा आत जाईना म्हणून पेट्रोल खाली येईना, आणि बघायला झाकण काढलं की वारा मिळायचा आणि पेट्रोल धो धो. कासिमभाई रोज ते झाकण काढायचे, पण कसं, तर आधी ठिणगी बघून, तोवर वारा कडेनं हळूहळू आत शिरलेला, आणि मग दोन बोटांच्या टोकांनी कडेला धरून, पूजेचं कुंकू विस्कटू नये म्हणून. माझ्यासारखं मेल्या मेल्या दांडगेपणानं धरलं असतं तर पहिल्याच दिवशी तो सूंऽऽ त्यांच्या कानानं ऐकला असता.

हँडल मारलं. गाडी तासभर चालली. तात्यासाहेब धावत आले, काय होतं रे? मी म्हणालो, मॅग्नेटो नीट बसला न्हवता. त्यांनी पाठीवर थाप मारली, आजपासून तू मिस्त्री. आईसाहेबांचं नाव घ्यायची भीती वाटली, हे खरं, पण ती थाप गोड लागली, हे पण खरं. कासिमभाईंचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं.

आठ-दहा वर्षांनी अक्कलकोटच्या बाजारात ते दिसले. कडब्याच्या पेंढ्या विकत होते. मी म्हणालो, कासिमभाई, हे काय, इंजिनाचं काम? ते म्हणाले, छोड दिया. कान झूटा निकल्या रे मेरा, मैं दाना बोल्या, था कुछ और. त्या दिवसानंतर त्यांनी पाना धरला न्हवता. मग त्यांनी जवळ येऊन हळू विचारलं, सच बता, गाडी में था क्या? आणि मी, ज्याच्या तळहातावर ती खपली पडली होती, मी म्हणालो, मॅग्नेटोच होता, भाई. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, चाय पीता क्या?

तो चहा मी प्यालो.

आता ते न्हाईत. त्यांचा मुलगा विजापूर वेशीकडं मोटारसायकली दुरुस्त करतो. गेल्या आठवड्यात नातवाला घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. तो स्पार्क प्लग घासत ऐकत होता, मधेच हात थांबला. म्हणाला, काका, अब्बा शेवटच्या आजारात पण विचारायचे, दाणा नव्हता मिळत तर पेट्रोल कसं येत होतं. मला जा म्हणाला न्हाई आणि बस पण म्हणाला न्हाई. तेवढ्यात एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं, बंद पडते म्हणालं. भाईंच्या पोरानं गाडी सुरू केली, डोळे मिटले आणि कान लावला.

गुरुजी, लिहा. कासिमभाई खरं बोलले होते, गाडीला दाणाच मिळत न्हवता. त्यांच्या पोराचा कान शाबूत राहो. माझं काय व्हायचं ते होईल.